सेमलखेडीची मोजणी

भोपाळातल्या इंद्रपुरीच्या बाजारात हरभऱ्याच्या हिरव्या जुड्यांचे ठेले लागले की थंडी आवरती घ्यायला लागली असं समजावं. यंदाही लागले. मी नेहमीप्रमाणे दोन घाटे सोलून पाहिले, बोटाला रंग लागतो का ते बघितलं, जुडीच्या पोटात कालचा माल दडवलाय का ते चाचपलं. ठेलेवाली बाई कमरेवर हात ठेवून माझा तपास बघत होती.

"दीदी, चना है, सोना नहीं," ती म्हणाली.

"ताज़ा है?"

"आज सवेरे उखाड़ा है. सेमलखेड़ी का. सुबह की गाड़ी से लाई हूँ."

माझा संशय ताडकन उठून बसला. सेमलखेडीला गाडी थांबत नाही. मी शाळेत होते तेव्हापासून थांबत नाही. खोटं बोलायचं तर निदान चौकशी करून बोलावं.

"कौन सी गाड़ी?"

"पैसेंजर. महीना भर से रुक रही है. अभी तो आजमाइश है. अगले हफ्ते सोमवार से गिनती होगी, कितने लोग चढ़ते-उतरते हैं. कम निकले तो फिर बंद."

गिनती हा शब्द ऐकून माझा हात जुडीवरच राहिला. मी भाव न करता दोन जुड्या घेतल्या आणि स्कूटर घेऊन बाग सेवनियाला घरी आले. आईला जुड्या दिल्या. गाडीचं आणि मोजणीचं मात्र बोलले नाही.

संशय हे आमच्या घरात बाबांकडून आलेलं धन आहे. बाबा वर्ध्याहून इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि टाउनशिपच्या ऑफिसात क्लार्क झाले. कुणाला कुठलं क्वार्टर मिळालं, कुणी सोडलं, कुणाचं छत गळतं, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. त्या खुर्चीत बसून त्यांची एक खात्री झाली होती, की सरकारी जागेत उगाच काही होत नाही. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला म्हणजे दिल्लीहून कुणीतरी येतंय. क्वार्टरला सफेदी झाली म्हणजे आत राहणारा रिटायर होतोय आणि ही सफेदी पुढच्यासाठी आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटा दवाखाना होता. तिथे एकदा नवे बाक आले, पंखा लागला, दाराला हिरवा पडदा आला. दोन महिन्यांत दवाखाना बंद. बाबा घरी येऊन म्हणाले, "पडदा पाहिला तेव्हाच मी म्हटलं होतं." त्यांनी खरंच म्हटलं होतं. "याच्यामागे काहीतरी आहे" हे वाक्य ते रोज म्हणायचे. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायचे.

आईचं सगळं उलटं. ती सेमलखेडीच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. सकाळी हबीबगंजहून पॅसेंजर पकडायची आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत यायची. भोपाळात याला अप-डाउन करणं म्हणतात. आईच्या डब्यात अप-डाउन करणारी दहा-बारा माणसं ठरलेली होती. त्यांतले तिवारीजी आमचे शेजारी. ते सेमलखेडीच्या आरोग्य केंद्रात कंपाउंडर होते, आणि डब्यात बसल्या बसल्या सगळ्यांच्या खोकल्याचं निदान करायचे.

सेमलखेडीचं स्टेशन म्हणजे नावालाच स्टेशन. रुळांच्या कडेला मुरूम टाकून चोपलेली एक पट्टी, तिकिटांची एक खोली आणि एक भलंमोठं सेमलचं झाड. आपल्याकडे त्याला सावर म्हणतात. फलाट असा नव्हताच. डब्याच्या शेवटच्या पायरीवरून खाली उडी मारायची. आई एका हाताने नऊवारी नव्हे पण सहावारीच्या निऱ्या, दुसऱ्या हाताने दांडी धरून उतरायची. एका पावसाळ्यात पाय मुरगळून महिनाभर लंगडली होती. ती उतरत असताना समोरून भोपाळकडे जाणारी पॅसेंजर यायची, आणि तिच्यात चढायला गावच्या भाजीवाल्या बायका टोपल्या घेऊन उभ्या असायच्या. त्यांची म्होरकी रामकली. ती उंच होती, आवाज खणखणीत होता आणि डोक्यावर कायम पालेभाजी असायची. दोघींची भेट रोज तीन-चार मिनिटांची. तेवढ्यात रामकली गावची बातमी द्यायची. "बेनजी, आज हल्के की मोड़ी नहीं आएगी, घर में मेहमान हैं." आई त्या मेहमानांना न भिता शाळेत जायच्या आधी हल्केच्या घरी जायची आणि मुलीला हाताला धरून आणायची.

हरभऱ्याच्या दिवसांत आई घरी आली की आधी तिचा वास यायचा. तिच्या पिशवीत पाटी-पुस्तकांखाली हरभऱ्याच्या जुड्या असायच्या, मुलांनी दिलेल्या. त्या पाल्याच्या आंबट दहिवराने तिची बोटं खरखरीत झालेली असायची. रविवारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात काड्या पेटवून आम्ही हुळा भाजायचो. घाटे तडतडायचे, तोंडं काळी व्हायची, आणि बाबा प्रत्येक दाणा उजेडात धरून आत अळी आहे का बघायचे. जेवायला बसताना आई शाळेतल्यासारखी आमची नावं घ्यायची आणि आम्ही "हजर" म्हणायचो. बाबांचंही नाव घ्यायची. ते आधी कुरकुरायचे, मग म्हणायचे.

त्या वर्षी मी नववीत होते. संक्रांत झाली आणि सेमलखेडीला मुरमाचे ट्रक येऊन पडले. मग विटा, मग सिमेंट. बघता बघता फलाट डब्याच्या दारापर्यंत उंच झाला. पत्र्याची शेड आली, दोन सिमेंटचे बाक आले, हातपंप बसला. स्टेशनची पिवळी पाटी नव्याने रंगवली. आई हरखून गेली होती. "आज मी पाऊल टाकून उतरले हो," ती म्हणाली. "उडी नाही मारली!"

बाबांनी चष्मा काढला. "कुणी मागितला होता का फलाट?"

"मागायला कशाला हवा? आमचे पाय मोडत होते ते दिसत नव्हतं का कुणाला?"

"इतकी वर्षं नाही दिसलं. आत्ताच कसं दिसलं? अगं, सरकार कुणाला फुकट बाक देत नाही. याच्यामागे काहीतरी आहे."

गंमत म्हणजे संशयात बाबा एकटे नव्हते. गावातल्यांना वाटत होतं, स्टेशन मोठं करताहेत म्हणजे आता लगतची शेतं घेणार. तिवारीजींना खात्री होती, की शेडमध्ये तिकीट तपासनिसाला बसवणार. हे बोलताना ते जरा अस्वस्थच दिसायचे. रामकलीला फलाटाच्या गुळगुळीतपणाचीच धास्ती. "इत्ता चिकना कर दिया बेनजी, अब टोकरी थोड़ी रखने देंगे. कहेंगे, दाग पड़ता है." ती नव्या बाकावर बसायचीच नाही. शेजारी जमिनीवर बसायची, आणि बाकाकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघायची.

आई मात्र वेगळाच हिशेब मांडत होती. तिच्या शाळेत पाचवीपर्यंतच वर्ग होते. पुढची शाळा दोन स्टेशनं पलीकडे. मुलगे जायचे, उड्या मारून चढायचे. मुलींना कुणी पाठवत नसे. आया म्हणायच्या, गाडीतून पडली तर? आता फलाट झाला होता. आईने पाचवीतल्या चार मुलींची नावं काढली, त्यांच्या घरी जाऊन आयांना स्टेशनवर आणलं, आणि फलाटावरून डब्यात पाऊल टाकून दाखवलं. त्या चौघींत रामकलीची गेंदा होती. गणितात हुशार आणि तोंडाने आईपेक्षा फटकळ. रामकली म्हणाली, "देखेंगे." रामकलीचं देखेंगे म्हणजे होकार, असं आईने आम्हाला आनंदाने सांगितलं.

मग तिकीटखोलीच्या दारावर कागद लागला. पुढच्या आठवड्यात तीन दिवस चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रवाशांची मोजणी होणार.

बाबांनी ते ऐकलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. "बघ. आलं की नाही पडद्यामागचं बाहेर?"

बाबांना मोजणी आतून ठाऊक होती, कारण टाउनशिपची मोजणी तेच करायचे. वर्षा-दोन वर्षांनी ऑफिसचा माणूस वही घेऊन क्वार्टर-क्वार्टर फिरायचा. घरात कोण राहतं, मागच्या खोलीत कुणाला भाड्याने ठेवलंय का, गाय बांधलीय का. ज्याच्याकडे जास्त माणसं निघायची त्याला नोटीस जायची. त्यामुळे मोजणीची कुणकुण लागली की अख्खी टाउनशिप रिकामी व्हायची. मेहुणे सिनेमाला जायचे, भाडेकरू कोटऱ्याला नातलगाकडे, गाय मैदानावर. बाबा वहीत 'चार व्यक्ती' लिहायचे आणि दोरीवर वाळत असलेल्या नऊ शर्टांकडे पाठ करायचे. त्यांच्या सगळ्या आयुष्याचं सार असं होतं, की मोजणीत जो कमी दिसतो तो वाचतो.

"तीन दिवस तू जाऊ नकोस," ते म्हणाले. "तिवारीलाही सांगतो. सगळ्यांना सांग, एक स्टेशन आधी उतरा, चालत जा, बसने जा. गर्दी दिसली की हे लोक काहीतरी काढणार. पास बंद करतील, भाडं वाढवतील, टोपल्या बंद करतील."

"अहो, मी रोज हजेरी घेते," आई म्हणाली. "जो हजर असतो त्याचं नाव राहतं. जो नसतो त्याचं कापलं जातं."

"ती शाळा आहे. हे सरकार आहे."

आईला हे पटलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा मी मधे तोंड घातलं. माझी परीक्षा जवळ आली होती, आणि आई तीन दिवस घरी राहणार या कल्पनेनेच मला गोड वाटलं. मी म्हटलं, "राहा ना गं आई. बाबांचं नेहमी खरं ठरतं." हे वाक्य मी बोलले. आणखी कुणाच्या माथी ते मारता येत नाही.

आईने किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी 'घरगुती कारण' असं लिहिलं आणि तिवारीजींच्या ओळखीच्या माणसाबरोबर शाळेत पाठवून दिला.

ते तीन दिवस अजून जसेच्या तसे आठवतात. अंगणातल्या निंबाची पानं गळत होती, आणि आईने तीन दिवसांत घरातले सगळे डबे घासले. पहिल्या दिवशी कढी-गोळे केले, दुसऱ्या दिवशी माझं बीजगणित घेतलं. सकाळी साडेसातला कारखान्याचा भोंगा वाजायचा तेव्हा हातातलं काम सोडून ती घड्याळाकडे बघायची. तिची गाडी तेव्हा सुटायची. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "आज गेंदाची तोंडी परीक्षा घ्यायची होती मी." मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने घरी येऊन काय घडलं ते सांगितलं, अगदी रामकलीच्या आवाजात. वहीवाला माणूस तीन दिवस शेडमध्ये बसला होता. गावकरी स्टेशनमागच्या गव्हात बसले होते, कमरेएवढ्या उभ्या गव्हात टोपल्यांसकट, घाटे खात. गाडी यायची, थांबायची, जायची. मग ही मंडळी शेताशेतातून चालत पुढच्या स्टेशनावर जाऊन दुसरी गाडी पकडायची. तिसऱ्या दिवशी वहीवाल्याने तिकीट विकणाऱ्याला विचारलं म्हणे, "यहाँ कोई रहता नहीं क्या?" गव्हात बसलेल्यांना हसू आवरेना. एका म्हाताऱ्याला तर ठसका लागला आणि चौघांनी त्याचं तोंड दाबून धरलं. आम्ही पोट धरून हसलो. बाबा सगळ्यांत जास्त हसले. आई म्हणाली, "मी रामकलीला विचारलं, तू कशाला लपलीस गं? तर म्हणते, पहले दिन तो हम जा रहे थे. फिर देखा, आप ही नहीं उतरीं. हमने सोचा, बेनजी नहीं आईं तो कुछ तो बात है."

एवढं सांगून आई हसता हसता थांबली. बाबांच्या ते लक्षात आलं नाही.

जुलैत नवं टाइमटेबल आलं. तिवारीजींनी ते आमच्या ओट्यावर उघडलं. आधीच्या स्टेशनापुढे वेळ होती, नंतरच्या स्टेशनापुढे वेळ होती, आणि सेमलखेडीपुढे दोन्ही गाड्यांच्या रकान्यात नुसती रेघ होती. चौकशी केली तेव्हा कळलं, की फलाट खरोखर थांबा पक्का करण्यासाठी बांधला होता, आणखी एक गाडी थांबवायचाही विचार होता. पण प्रवासीच नाहीत म्हटल्यावर काय करणार? वहीवाल्याने जे डोळ्यांना दिसलं तेच इमानाने लिहिलं होतं. तो बिचारा शेडमध्ये तीन दिवस एकटा बसला आणि जाताना हातपंपाचं पाणी गोड आहे असं सांगून गेला.

तिवारीजींनी भोपाळात बदली मिळवली. आईने खूप अर्ज केले, पण तिला मिळाली नाही. तो अख्खा पावसाळा ती दोन बस बदलून आणि पुढे चिखलातून तासभर चालत शाळेत गेली. घरी यायला दिवेलागण व्हायची. दिवाळीनंतर तिला न्यूमोनिया झाला आणि होळीच्या आधी तिने नोकरी सोडली. त्या चार मुली सहावीला गेल्याच नाहीत. गेंदाचं दोन वर्षांनी लग्न झालं, असं रामकलीने सांगितलं. रामकली आता टोपली घेऊन बसने यायची, कंडक्टरशी भांडत, टोपलीचं वेगळं तिकीट काढत. आमच्या दारी भाजी द्यायची. आईला एका शब्दाने कधी बोलली नाही, आणि आईला तेच जास्त लागायचं.

आमच्या जेवणाच्या वेळची हजेरी बंद झाली. कुणी बंद केली नाही. आईने एक दिवस नावं घेतली नाहीत, एवढंच.

बाबांनी पुढे पुष्कळ अर्ज लिहिले. सेमलखेडीचा थांबा पूर्ववत करावा, विनंती विशेष. त्यांचं सरकारी हिंदी फार देखणं होतं. पोचपावती यायची, उत्तर यायचं नाही, आणि ते म्हणायचे याच्यामागे काहीतरी आहे. ते रिटायर झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडलं. सामान निघायच्या आधीच सफेदीवाले दारात हजर, ते बघून बाबा माझ्याकडे वळून हसले. बाग सेवनियाच्या घरात एकदा असेच घाटे सोलत बसले असताना, मी समोर असतानाच, ते आईला म्हणाले, "मी तुला तेव्हा थांबवायला नको होतं."

आई म्हणाली, "हो."

मग तिने सोललेले दाणे त्यांच्या वाटीत टाकले आणि पुढची जुडी ओढली. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. ती तसं म्हणाली नाही, आणि आज मला त्याचं बरं वाटतं.

बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा चष्मा मात्र माझ्याच डोळ्यांवर आहे. कुणी फोनवर गोड बोललं की मी फोन ठेवते. कॉलनीत नवा रस्ता झाला की आता पाइपासाठी खणणार म्हणून वाट बघते, आणि खणतात. म्हणून ठेलेवालीचं बोलणं मी दोन दिवस पोटात ठेवलं. आजमाइश म्हणजे काय? निवडणूक तर नाही ना जवळ? तिथे पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा रेघ मारायची? आईचं वय ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत. तिला कशाला सांगायचं?

पण तिने जुडी हातात घेतल्या घेतल्या विचारलं होतं, कुठला गं हरभरा, वास ओळखीचा आहे. रविवारी मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं आणि वर जोडलं, "याच्यामागे काहीतरी असणार, आई."

"असेल," ती म्हणाली. "गाडी किती वाजता आहे?"

सोमवारी मी ऑफिसला एक दिवसाची रजा टाकून तिला हबीबगंजला नेलं. त्या स्टेशनचं आता नाव बदललंय, काचा-जिने झालेत, पण आईने तिकीट खिडकीवर हबीबगंजच म्हटलं. गाडीत तिने खिडकी घेतली. मंडीदीपचे कारखाने मागे पडले आणि गहू सुरू झाला, कमरेएवढा, पिवळा पडू लागलेला. ती त्याच्याकडे एकटक बघत होती.

सेमलखेडीचा तोच फलाट. मधल्या वर्षांत त्यावर गावकऱ्यांनी मिरच्या वाळवल्या असणार, फटींतून रोपं आली होती. एका बाजूने उतरण केली होती, नवे स्टीलचे बाक होते, पाटी पुन्हा ताज्या पिवळ्या रंगाची. मला तो रंग बघूनच धडकी भरली. सेमलवर एक पान नव्हतं, सगळी लाल फुलं. फलाटावर गर्दी होती, टोपल्या होत्या, दप्तरं घेतलेल्या मोठ्या मोठ्या मुली होत्या. त्या गाडीत चढल्यासुद्धा, मागे न बघता. शेडमध्ये गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस पॅडवर उभ्या रेघा ओढत होता. पाय आपोआप खांबाच्या आडोशाकडे वळले माझे. आईने माझं मनगट घट्ट धरलं आणि काठी टेकत सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हमको लिखा?"

"लिख लिया माताजी. दो."

"उतरने वालों में?"

"हाँ जी."

"शाम को चढ़ेंगे, वो अलग लिखना."

तो हसला. "लिखेंगे माताजी. आप बैठिए."

"गिनती कितने दिन है?"

"तीन दिन."

आई बाकावर बसली. पदराच्या गाठीतून चार घाटे काढून तिने माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "उद्या जरा लवकर निघू. खिडकी मिळत नाही नाहीतर."

त्या आकड्यांचं पुढे काय करणार आहेत, मला ठाऊक नाही. माझा अजूनही कुणावर विश्वास नाही. मी फोन काढला आणि आणखी दोन दिवसांची किरकोळ रजा कळवली. कारणाच्या जागी लिहिलं, घरगुती कारण.